पाठीला डोळे नसतात

आसूड हवेत फिरवला की कडाड आवाज होतो. तोच अंगावर बसला की आवाज बसका येतो, ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा. हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी मनकर्णा, कोपरगावापासून आत, कालव्याच्या कडेच्या एका गावात राहणारी. आयुष्य चुलीपुढं आणि लोकांच्या उसात खुरपण्यात गेलं. पण माझ्या सख्ख्या दिरानं माझ्या नवऱ्याच्या पाठीवर भर रस्त्यात आसूड ओढला आणि तो आवाज माझ्या कानात बसला तो बसलाच. अजून ओढ्यावर कुणी गोधडी आपटली तरी मी हातातलं काम टाकून दार लावून घेते.

नवऱ्याचं नाव शांतवन. ज्या फादरनं हे नाव ठेवलं त्यानं बाळाला आधी नीट रडू द्यायला पाहिजे होतं, म्हणजे कळलं असतं हे काय प्रकरण आहे. साखर कारखान्यात गव्हाणीवर नोकरी, म्हणजे गाडीतला ऊस यंत्राच्या तोंडात ढकलायचं काम. तिथं मुकादमाशी भांडण, युनियनमध्ये भांडण, घरी आल्यावर माझ्याशी भांडण. भांडणाला विषय लागायचा तो पेपरातून मिळायचा. जेवायला मिळालं नाही तर चालेल, पण पेपर पाहिजे. आणि तोही मनात वाचायचा नाही. मोठ्यानं. मी म्हणायची, "अहो, तुमचं तुमी वाचा की, आमच्या कानाला का ताप?" तर म्हणायचे, "मनातल्या मनात वाचलं की माणूस सोयीचं तेवढंच वाचतो. मोठ्यानं वाचलं की नको ते बी तोंडातून काढावं लागतं."

रविवारी मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, सुटली की चर्चच्या ओट्यावर ह्यांची दुसरी मिस्सा सुरू व्हायची. पेपर पसरून बसायचे, भोवती आमच्या वस्तीतली म्हातारी माणसं, सायकलचं दुकान असलेले खाजाभाई, कधी गावातला एखादा शेतकरी. आत मिस्सेतलं वाचनही हेच करायचे, पण बाहेर गर्दी जास्त जमायची, हे फादरलाही कळत होतं. फादर एकदा म्हणाले, "शांतवन, चर्चच्या ओट्यावर राजकारण नको."

हे म्हणाले, "फादर, ज्याला राजकारणानं मारलं त्याचाच तर पुतळा आत टांगलाय."

फादर हसले आणि आत गेले. बिचारा भला माणूस, हसण्यावारी न्यायचा. मला मात्र धडकी भरायची. पेपरला पत्रं पाठवायचे, सभेत उठून पुढाऱ्याला प्रश्न विचारायचे. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची खोडच होती ह्यांना.

धाकटा भाऊ बन्सी. त्याच्या नि ह्यांच्या स्वभावात जमीनअस्मानाचं अंतर. बन्सी गोड बोलणारा, चार माणसं जोडणारा. दोघांचाही लहानपणीच बाप्तिस्मा झालेला, एकाच फादरच्या हातून. पण शाळेच्या दाखल्यावर बन्सीच्या नावापुढं 'हिंदू' आणि मग आमची जुनी जात लिहिलेली राहिली. ह्यांच्या दाखल्यावर 'ख्रिस्ती' लागलं. त्या एका शब्दानं दोन भावांची दोन नशिबं झाली. आमच्यासारखा ख्रिश्चन झाला की सवलत जाते, हे आमच्याकडं पोरासोरांना पाठ असतं. म्हणून निम्मी वस्ती घरात ख्रिश्चन आणि कागदावर हिंदू. कुणी कुणाला बोलत नाही. पोटाला चिमटा प्रत्येकाच्या आहे.

ह्यांना मात्र ते खपत नव्हतं. बन्सीनं जातीचा दाखला काढला त्या दिवशी ह्यांनी त्याला उसाच्या टिपरीनं झोडपला होता, अंगणात, आईसमोर. टिपरी मोडली तेव्हा थांबले. मग भाकरी खाताना मला म्हणाले, "चूक त्याची न्हाई गं. सरकारला वाटतं फादरनं डोक्यावर पाणी टाकलं की जात धुऊन निघती. एकदा पाटलाच्या विहिरीवर येऊन बघ म्हणावं." चूक त्याची नाही तर मारला कशाला, असं विचारायची माझी छाती नव्हती तेव्हा.

आमच्या सॅमसनच्या दाखल्यावर ह्यांनी स्वतःच्या हातानं 'ख्रिस्ती' लिहिलं. पोरगा हुशार होता. आज सुप्याला कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली पेट्या उचलतो. बन्सीची लेक राजनंदिनी, आमची राजी, हिंदू म्हणून वाढली आणि तिला नगरला नर्सिंगच्या कॉलेजात राखीव जागेतून नंबर लागला. बन्सी स्वतः राखीव जागेवर सरपंच झाला. मी हे मनातून कधी काढलं नाही, आजही नाही. खरं बोलायची किंमत माझ्या पोरानं भरली, हे मी ह्यांना तोंडावर सांगितलंय.

सरपंच झाल्यापासून बन्सीभावजी चर्चमध्ये यायचे बंद झाले. आले तरी मागं भिंतीला टेकून उभे. ख्रिस्तशरीर, म्हणजे फादरच्या हातची पवित्र भाकर, घ्यायला रांगेत कधी नाहीत; ती बाप्तिस्मा झालेल्यानंच घ्यायची असते. विरोधी पार्टीचा एखादा फोटो काढील, तक्रार करील, सरपंचपद जाईल, पोरीचा दाखला जाईल. पण एक दिवस ते हमखास असायचे, गुड फ्रायडेला.

त्याची गंमत अशी. आमच्या गावात गुड फ्रायडेला क्रुसाची वाट निघते. एक पोरगा येशू होतो, खांद्यावर क्रूस घेतो, जागोजागी थांबून प्रार्थना होते. चाबूक मारणारा शिपाई दरवर्षी बन्सीभावजी. शिपाई व्हायला ख्रिश्चन असावं लागत नाही ना. कुणी विचारलं तर सरपंच गावच्या कार्यक्रमात सामील झाले, एवढंच. डोक्याला लाल फडकं बांधायचे, आणि हातात घ्यायचे आज्याचा आसूड. ह्यांचा आजा मरीआईचा पोतराज होता. वाखाचा पीळदार आसूड, मुठीत जाड आणि शेंड्याला सुतळीएवढा, बन्सीभावजींच्या घरी खुंटीला असायचा. ते तो असा फिरवायचे की कडाड आवाज व्हायचा आणि येशूच्या अंगाला वारासुद्धा लागायचा नाही. बाया तरी रडायच्याच. हे म्हणायचे, "आजानं आसूड वाजवला, बापानं चर्चची घंटा वाजवली, मी पेपर वाचतो. घराणं तेच हाय, वाजवायच्या वस्तू बदलल्या."

मारुतीच्या देवळापुढं छबूबाई उभी असायची. मोठ्या बागायतदाराच्या घरातली म्हातारी. तिच्या सासूपासूनची चाल, क्रूस देवळापुढं आला की कैरीचं पन्हं द्यायचं. आधी येशूला, मग शिपायाला, मग सगळ्यांना. ती म्हणायची, "उन्हात चाललेल्या देवाला पानी इचारायचं न्हाई तर कुनाला?" हे असंच चालत आलेलं. कुणाला त्यात धर्म दिसला नव्हता, तहान दिसायची.

त्या वर्षी देवळापुढं छबूबाई नव्हती. तिचा नातू अमृत उभा होता, आणि त्याच्यामागं तालुक्याच्या गावाहून आलेली पोरं, काठ्या घेऊन. अमृत आमच्या ओट्यावर बसून ह्यांचा पेपर ऐकत मोठा झालेला. मी त्याला भाकरी-ठेचा वाढलाय. म्हणाला, "क्रूस हितनं पुढं जानार न्हाई. धर्मांतर चालवलंय तुमी."

येशू झालेल्या पोरानं क्रूस टाकला आणि पळाला. त्याला मी दोष देत नाही, कोवळा जीव. पळायला आमच्याकडं जागा तरी कुठं होती, मागं बाया, लेकरं. पण ह्यांच्या हातात माईक होता. माईक हातात असलेला हा माणूस गप्प बसेल असं कुणाला वाटलं तर ते वाटणाऱ्याचं चुकलं. माईकवरनंच म्हणाले, "अमृत, तुझ्या पणजीनं पन्हं दिलं तेव्हा तिचं धर्मांतर झालं का रं?"

पहिली काठी माईकवर बसली, दुसरी ह्यांच्या दंडावर. मग काय कशावर बसलं ते कुणी सांगू शकणार नाही. प्रार्थनेची पुस्तकं गटारात गेली. एकानं क्रूस उचलून देवळाच्या पायरीवर आपटला, दुभंगला. मी अमृतची कॉलर धरली. कुणीतरी मला कमरेत लाथ घातली, मी पडले ती एकाच्या पायावर, त्याच पायाला कडकडून चावले. तोंडात घाण चव आली. तो ओरडला आणि माझे केस धरून मला फरफटत कडेला नेलं. मला लाज वाटत नाही सांगायला, माझ्या हातात खुरपं असतं तर त्या दिवशी मी माणूस मारला असता.

ह्यांचा सदरा फाडून ह्यांना गुडघ्यावर बसवलं होतं. बन्सीभावजी मधी पडले. हात जोडून म्हणाले, "पोरांनो, मी सरपंच हाय. सोडा, म्हातारा मानूस हाय."

त्या बाहेरच्या पोरांतला एक दाढीवाला पुढं आला. भावजींच्या हातातला आसूड बघून हसला. "तू कोण? तू पन ह्यांच्यातला का?"

"न्हाई. मी हिंदू हाय."

"मग मार."

भावजींनी आसूड पाठीमागं धरला.

"हिंदू हाईस ना? दाखल्यावर हाईस ना? मग मार ह्याला. खरं मार. न्हाईतर तुझा बी सदरा काढतो आन् उद्या तुझी खुर्ची बी काढतो." दोघातिघांनी मोबाईल वर धरले. अमृत खाली मान घालून उभा होता. त्याला हे एवढं पाहिजे नव्हतं असं मला तेव्हाही वाटलं, पण त्यानं थांबवलं नाही, आणि न थांबवणाऱ्याच्या वाट्याचं पाप त्याला मिळणारच.

भावजींनी आसूड फिरवला. कडाड वाजला, हवेतच. दाढीवाल्यानं भावजींच्या तोंडात मारली. दात ओठात घुसला, रक्त आलं.

तेव्हा हे बोलले. मान न वळवता, हळू, पण मी जवळ पडले होते, मला ऐकू आलं. म्हणाले, "मार, बन्सी. राजीचं कॉलेज हाय."

आणि बन्सीनं मारलं. तो बसका आवाज. एकदा, परत एकदा, परत. मी मोजले नाहीत, मोजणारी बाई मी नव्हे. पाठीची कातडी उकलत होती आणि हे दात आवळून बसले होते. भावजी रडत होते आणि मारत होते, आणि तो दाढीवाला "अजून, अजून" म्हणत होता. शेवटच्या फटक्याला भावजींचा हात वेडावाकडा गेला. आसुडाचा शेंडा मानेवरून फिरून पुढं आला आणि ह्यांच्या उजव्या डोळ्यावर बसला. ह्यांच्या तोंडून त्या सगळ्यात पहिल्यांदा आवाज निघाला. जनावराचा असतो तसला.

ह्यांचा डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेल्यातच जमा होता. उजव्यावरच सगळं वाचन चालायचं.

देवळाच्या मागनं छबूबाई धावत आली. तिला घरात कोंडलं होतं म्हणे, मागच्या दारानं निघाली. हातात पन्ह्याची घागर. पोरांच्या घोळक्यात घुसली आणि ती घागर आपल्या नातवाच्या डोक्यात घातली. तांब्याची घागर. अमृत खालीच बसला. म्हातारी म्हणाली, "माझं दूध न्हाई प्यालास, पर माझ्या घरचं प्यालास, भडव्या." त्यानंतर पोरं पांगली. गर्दीला काठीचं भय नव्हतं, त्या म्हातारीला मारायचं कसं हे कळेना, एवढंच.

खाजाभाईंनी टेम्पो आणला. ह्यांना पालथं झोपवलं, डोळ्यावर माझा पदर दाबून धरला. भावजी टेम्पोजवळ आले तर मी त्यांच्या अंगावर थुंकले. खाजाभाई म्हणाले, "वहिनी, आत्ता नको."

डोळा गेला. डॉक्टर म्हणाले डाव्यानं उजेड-अंधार कळेल, माणसाची सावली कळेल, अक्षर नाही.

हवालदार दवाखान्यात जबाब घ्यायला आला. त्याच्याकडं व्हिडिओ होता, सगळ्या तालुक्याकडं होता. पण तो असा कापलेला की त्यात दोनच माणसं, मारणारा बन्सी आणि मार खाणारे हे. हवालदार म्हणाला, "भावाभावाचं दिसतंय. सरपंचाला आत घेऊ का? का बाकी कुनी हुतं? हुतं तर मग सरपंचानं का मारलं ते बी सांगावं लागंल."

मला तिथंच सगळं उमगलं. खरं सांगायचं म्हटलं तर असं सांगावं लागणार, की बन्सीला हिंदू असल्याचं दाखवायला लावलं, कारण त्यांना वहीम होता की तो ख्रिश्चन आहे. आणि तो आहेच. ते सांगितलं की सरपंचपद गेलं, पडताळणी लागली, राजीचं कॉलेज गेलं. अर्धंच सांगायचं तर बन्सी एकटा तुरुंगात आणि बाकीचे मोकळे. चोराच्या उलट्या बोंबा आणि वर आपलीच कोंडी. मी तोंड उघडलं होतं. मी सगळं सांगणार होते. जाऊ दे पद, जाऊ दे कॉलेज. माझ्या पोराचं गेलं तेव्हा कोण रडलं?

ह्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं. हवालदाराला म्हणाले, "कुनी मारलं मला म्हाईत न्हाई."

"असं कसं? व्हिडिओ हाय की."

"माझी पाठ हुती, साहेब. पाठीला डोळं नसत्यात. आन् पुढचं बी आता न्हाईत."

हवालदारानं तसंच लिहून घेतलं. त्यालाही बरंच वाटलं असावं. तो गेल्यावर ह्यांनी मला शपथ घातली, राहिलेल्या डोळ्याची. मी म्हणाले, "आयुष्यभर खरं खरं म्हणून माझ्या लेकराला पेट्या उचलायला लावल्या, आन् आता त्या बन्सीच्या लेकीसाठी लबाडी?"

हे म्हणाले, "लबाडी कुठं केली? पाठ नव्हती का?"

मी भिंतीवर डोकं आपटायचीच बाकी राहिले. एवढा राग मला त्या दाढीवाल्याचाही आला नव्हता.

पुढचं वर्ष म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. गावात लोक विचारायचे आणि मी शपथेला बांधलेली. भावजी आमच्या दाराशी गव्हाचं पोतं ठेवून जायचे, मी ते लाथेनं रस्त्यावर लोटायची. कोंबड्या खायच्या. राजी सुट्टीला आली की दारात उभी राहायची, "मोठी आई" म्हणायची, आणि मी आत निघून जायची. पोरीचा काय दोष, हे कळत होतं. कळून राग गेला असता तर जगात भांडणंच उरली नसती.

आणि रोज सकाळी पेपर. तो मी वाचायचा. चौथी शिकलेली मी, बोट ठेवून वाचते. जोडाक्षर आलं की अडखळते, हे चिडतात. कुणाची दंगल, कुणाचं भाषण, कुणाची सभा, सगळं अडखळत. मधला अवघड भाग मी गाळायची, तर बरोबर पकडायचे. "हितं कायतरी खाल्लंस." म्हातारी माणसं ओट्यावर जमायची बंद झाली, माझं वाचन ऐकण्यापेक्षा घरी झोपलेलं बरं. खाजाभाई तेवढे यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "शांतवनभाऊ, अजून देवावर भरोसा आहे?" हे म्हणाले, "हाय. आमचा देव मार खाल्लेला हाय, खाजाभाई. न मारलेल्या देवाशी मला काय बोलायला सुचलं नसतं." वर म्हणाले, "पन मारनारा बी त्यालाच सांभाळावा लागतो, ह्याचा मला लई राग येतो." हा माणूस देवावरही रागावतो, म्हणून मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

पुन्हा गुड फ्रायडे आला. पोलिसांनी गावातनं क्रुसाची वाट काढू दिली नाही. कंपाउंडच्या आतच काढा म्हणाले, फाटकाशी दोन शिपाई उभे केले. खरे शिपाई. फाटकाबाहेर पोरं मोबाईल धरून उभी होती, काय होतंय बघायला. अमृत नव्हता, तो त्या घागरीनंतर पुण्याला कामाला गेला. आम्ही सगळे आत. आसूड नव्हता, येशू झालेला पोरगाही नव्हता, नुसत्या प्रार्थना. वाचन फादरनंच केलं. हे माझ्या शेजारी बसून ओठ हलवत होते, सगळं पाठ आहे ह्यांना.

ख्रिस्तशरीर घ्यायची रांग लागली. मी ह्यांना हाताला धरून पुढं नेलं, परत आणून बाकावर बसवलं. आणि मागं बघते तर रांगेच्या शेवटी बन्सीभावजी. पांढरा सदरा, पायात काही नाही. त्यांच्या मागं राजी, हात जोडून.

सगळं चर्च बघत होतं. फाटकातले मोबाईल वर झाले. सरपंच रांगेत उभा आहे म्हणजे काय, हे बाहेरच्या पोरांनाही माहीत होतं. दार उघडं, आतलं सगळं दिसत होतं. भावजी पुढं पोचले, आणि तिथं एकदा मागं वळले, फाटकाकडं तोंड करून, नीट, फोटोला उभं राहतात तसे. मग फादरकडं वळले. फादर म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," भावजी म्हणाले. ग्रामसभेत बोलतात तेवढ्या मोठ्यानं. फाटकाबाहेर ऐकू गेलं.

माझ्या शेजारचं बाक करकरलं. हे उठले होते. आवाजावरून ओळखलं ह्यांनी. बाकाच्या पाठी चाचपत, लोकांच्या खांद्यांना धरत पुढं निघाले, मी मागं. भावजी तिथंच उभे राहिले होते. ह्यांनी हात पुढं केला, भावजींचं तोंड हातानं शोधलं, कपाळ, नाक, तो शिवलेला ओठ. आणि शोधलेल्या जागेवर एक ठेवून दिली. सगळ्या चर्चभर आवाज घुमला.

"गाढवा," हे म्हणाले. "डोळा उगं दिला व्हय मी? पोरीचं घालवलंस. आता काय करनार हाय ती? आं?" आणि दुसरा हात उगारला.

तो हात राजीनं धरला. म्हणाली, "मोठे आबा, मीच म्हणले त्यांना. कॉलेजात डोळ्यावरची पट्टी बदलायला शिकवतात. माझा हात चालत न्हाई. मॅडम रागावतात. मला तिथं रोज तुमचा डोळा दिसतो." एवढं बोलली आणि रडायला लागली. भावजींनी गालही चोळला नाही.

ह्यांचा उगारलेला हात खाली आला तो भावजींच्या खांद्यावर राहिला. मी वर्षभर मनात जुळवून ठेवलं होतं, बन्सी समोर आला की काय काय बोलायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि मी मधी उभी. एवढंच म्हणाले, "अहो, चर्च हाय हे. बसा खाली."

माफ केलं असं कुणी समजू नये. मी केलेलं नाही.

पुढं व्हायचं ते झालं. तक्रार गेली, नोटीस आली, सुनावणी लागली. ह्यांनी स्वतःहून जाऊन जबाब बदलला, पाठ होती पण कान होते म्हणाले, आणि ते "मार" म्हणणारे कोण होते ते सांगितलं. माझीही शपथ सोडवली. मी साहेबापुढं सगळं सांगितलं, चावल्याचंसुद्धा. त्याचं काय होईल ते होईल, आमच्याकडं असल्या गोष्टींना वेळ लागतो. राजी घरी आली. कोपरगावला एका दवाखान्यात कामाला लागली, साधी मदतनीस म्हणून.

सरपंचपद गेल्याची बातमी पेपरात आली त्या सकाळी मी पेपर घेऊन ओट्यावर बसले होते. बोट ठेवलं आणि नाव वाचून थांबले. तेवढ्यात भावजी आले. पायरीखाली उभे राहिले, वर यायची हिंमत होईना. मी पेपर त्यांच्या अंगावर फेकला. म्हटलं, "तुमचं हाय, तुमीच वाचा. मला जोडाक्षरं येत न्हाईत."

ते पायरीवर बसले. ह्यांनी मान वळवली, सावली कळली असेल. खाजाभाई येऊन टेकले होते. भावजींनी पेपर उघडला, बातमीवरनं नजर फिरवली, ओठ हलले, आवाज निघाला नाही.

"मोठ्यानं वाच," हे म्हणाले. "मनात वाचू नको."

भावजींनी घसा साफ केला आणि आपलं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव, असं पहिल्यापासून वाचायला लागले.